नैराश्यात ओमेगा-3 आणि प्रोबायोटिक: डबी घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर काय करावे

नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांच्या घरात हल्ली दोन प्रकारच्या गोळ्या असतात. काही मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या, तर काही नातेवाइकांनी, जिममधल्या मित्राने किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराने सुचवलेल्या. दुसऱ्या प्रकारातल्या गोळ्यांची डॉक्टरांना बहुधा कल्पना नसते आणि त्यांचा उपयोग होतो आहे की नाही हे घेणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. या पूरकांपैकी माशांच्या तेलातील ईपीए नावाचे ओमेगा-3 मेदाम्ल आणि काही विशिष्ट प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंची पूरके, यांच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे. मात्र तो चालू उपचारांना जोड म्हणून आहे, उपचारांऐवजी नव्हे. एका वेळी एकच पूरक, लिहून ठेवलेली मात्रा, आधी व नंतर केलेले मोजमाप आणि थांबण्याची ठरलेली तारीख एवढी शिस्त पाळली, तर पैसे वाया न घालवता स्वतःपुरते उत्तर काढता येते. ते कसे काढावे, हे या लेखात सांगितले आहे.

त्याआधी एक गोष्ट. जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून 14416 या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

आधी निदान, मग रक्ततपासणी

कशातच रस न वाटणे, झोप उडणे किंवा अति येणे, भूक मंदावणे, सकाळी उठून नेहमीची लोकल पकडण्याचीही उमेद न राहणे, अशी लक्षणे दोन आठवडे टिकली तर पहिली पायरी औषधाच्या दुकानाची नसून डॉक्टरांची आहे. मुंबईत परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि जुहूचे कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केस पेपर काढून थेट जाता येते. खासगी तज्ज्ञ परवडत नाही म्हणून पूरकांकडे वळणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे, कारण चांगल्या प्रतीच्या ओमेगा-3 च्या महिन्याच्या खर्चापेक्षा पालिकेच्या ओपीडीचा खर्च पुष्कळ कमी होतो.

डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, तसेच बी12 आणि ड ही जीवनसत्त्वे यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. थायरॉईड मंदावले किंवा बी12 कमी झाले तरी माणूस थकलेला, विसराळू आणि उदास दिसतो. शाकाहारी घरांत, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी12 ची कमतरता हमखास शोधावी. केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्तातला दोष झाकला जातो आणि बी12 अभावी नसांचे नुकसान मात्र चालूच राहते, म्हणून ‘ताकदीच्या गोळ्या’ तपासणीपूर्वी सुरू करू नयेत.

मुंबईत ऊन भरपूर असले तरी ऑफिस, गाडी आणि फ्लॅट यांतच दिवस जाणाऱ्यांना ड जीवनसत्त्व कमी पडते. त्यासाठी 60,000 युनिटचे पाकीट किंवा गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे दिली जाते. ती रोज घेतली जाण्याची चूक अनेक घरांत होते आणि तिची किंमत मोठी असते: रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, अतोनात तहान आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. कमतरता सापडली तर ती भरून काढणे हा उपचारच आहे. ती भरून निघेपर्यंत पुढचे काहीही सुरू करू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मोजमाप सुरू करणे

नैराश्य आपसूकही चढते-उतरते, शिवाय काहीतरी घेतो आहोत या भावनेनेही काही आठवडे बरे वाटते. नैराश्यावरील चाचण्यांत साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना आराम पडलेला दिसतो. त्यामुळे ‘हल्ली जरा बरं वाटतंय’ हे उत्तर पुरेसे नाही.

यासाठी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली सोयीची आहे. ती मोफत आहे आणि मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र आणि वीसपासून तीव्र नैराश्य धरले जाते. पूरक सुरू करण्यापूर्वी दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा ती भरावी, म्हणजे आकडा मुळातच किती हलतो हे समजते. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच वारी, भरावी. पाच गुणांची घट ही जाणवण्याजोगी सुधारणा मानतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर शून्याहून वर गेले तर बेरजेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

आकड्यासोबत वहीत चार शब्दही लिहावेत: झोप किती तास, डॉक्टरांच्या गोळीची मात्रा बदलली का, मासिक पाळी, घरातले आजारपण, नोकरीतला ताण. दोन महिन्यांनी मागे वळून पाहताना यातलेच काहीतरी खरे कारण निघते.

ओमेगा-3: सगळे गणित लेबलवर

औषधाच्या दुकानात ‘ओमेगा द्या’ म्हटले की काउंटरवर तीन-चार डब्या येतात आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत 1000 मिलिग्रॅम लिहिलेले असते. हा आकडा तेलाच्या एकूण वजनाचा आहे. डबी उलटी करून मागचा बारीक तक्ता वाचावा, कारण आपल्याला हवे असलेले दोन आकडे तेथे असतात: ईपीए आणि डीएचए हे दुसरे ओमेगा-3 मेदाम्ल. साध्या फिश ऑइलच्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलिग्रॅम असते. उरलेले 700 मिलिग्रॅम म्हणजे नुसतेच तेल.

नैराश्याच्या चाचण्यांत जो काही फायदा दिसला तो मुख्यतः ईपीए जास्त असलेल्या तेलांनी झाला. नुसत्या किंवा अधिक डीएचएच्या तेलांनी तो दिसला नाही. पोषण आणि मानसोपचार या विषयावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत नुसते ईपीए किंवा डीएचएच्या दुपटीहून अधिक ईपीए असलेले तेल, रोज 1 ते 2 ग्रॅम ईपीए मिळेल अशा बेताने, निदान आठ आठवडे आणि डॉक्टरांच्या गोळीच्या जोडीला घ्यावे असे म्हटले आहे. चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ईपीए आणि डीएचए यांच्या बेरजेत ईपीए निदान 60 टक्के असावे, असेही दिसले आहे.

आता हे आकडे डबीला लावून पाहावेत. 180 ईपीएच्या कॅप्सूलने 1 ग्रॅम गाठायला दिवसाला सहा कॅप्सूल लागतात, आणि लेबलवर मात्र ‘रोज एक’ लिहिलेले असते. दुसरी एखादी ‘जास्त शक्तीची’ डबी घेतली आणि तिच्यात ईपीए 460 व डीएचए 380 असले, तर बेरीज 840 होते खरी, पण ईपीएचा वाटा 55 टक्क्यांच्या आसपासच राहतो. हृदयासाठी कोणी घेत असेल तर गोष्ट वेगळी, आपल्या कामासाठी ती दुय्यम. तिसऱ्या डबीत ईपीए 500 आणि डीएचए 200 असेल तर दोन कॅप्सूलमध्ये काम होते. काही डब्यांवरचा तक्ता एका कॅप्सूलचा नसून ‘एका सर्व्हिंगचा’, म्हणजे दोन कॅप्सूलचा असतो; ती ओळ वाचल्याशिवाय गणित करू नये.

किंमतही ईपीएच्या ग्रॅममागे काढावी. समजा, साध्या 60 कॅप्सूलच्या डबीची किंमत 648 रुपये आहे आणि तिच्यात एकूण 10.8 ग्रॅम ईपीए आहे. म्हणजे ग्रॅमला 60 रुपये. दुसरीत 500 मिलिग्रॅम ईपीएच्या 30 कॅप्सूल 825 रुपयांना आहेत. एकूण 15 ग्रॅम, ग्रॅमला 55 रुपये. काउंटरवर महाग वाटलेली डबी इथे स्वस्त ठरते.

कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्या लहानपणी घरोघरी दिल्या जात. त्या ओमेगाचा पर्याय नव्हेत: त्यांत ईपीए थोडे असते आणि अ जीवनसत्त्व बरेच, त्यामुळे ईपीएची मात्रा गाठायला त्या मूठभर घेतल्या तर अपायच व्हायचा. गर्भवतींनी त्या घेऊच नयेत.

जवस, अक्रोड आणि शाकाहारी मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. जवसाच्या चटणीत ओमेगा-3 भरपूर असते, पण ते एएलए या रूपात. शरीर त्यातले थोडेच ईपीएमध्ये बदलू शकते. चटणी अवश्य खावी, तिच्याकडून नैराश्यावरच्या औषधाची अपेक्षा ठेवू नये. समुद्री शैवालापासून काढलेले तेल खरोखर शाकाहारी असते, मात्र त्यातील बहुतेक डब्यांत डीएचए जास्त असते, म्हणून ईपीएचा आकडा पाहूनच घ्यावे. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असेल तर ते प्राणिजन्य असते. डबीवरची हिरवी खूण पाहावी.

मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली हे तेलकट मासे पापलेट किंवा ओल्या बोंबिलापेक्षा या बाबतीत कितीतरी उजवे, आणि खिशालाही सोसणारे. आठवड्यातून दोनदा ते ताटात असावेत, तेही रवा लावून खरपूस तळण्यापेक्षा तिरफळ घातलेल्या कालवणात. मोठ्या मुशीत पारा साठण्याची शक्यता अधिक असल्याने गर्भवतींनी ती टाळावी. मुंबईत एक अडचण मात्र दरवर्षी येते: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि श्रावण पाळणाऱ्यांच्या घरी ही तूट महिनाभर आणखी लांबते. नुसत्या माशांवर ईपीएची ठरावीक मात्रा गाठता येत नाहीच. पण जो माणूस मासे खाऊन प्रयोग करतो आहे, त्याने वहीत या दोन-तीन महिन्यांची नोंद तरी करावी.

फायद्याविषयी अपेक्षा किती ठेवाव्यात? कॉक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यानुसार परिणाम लहान ते मध्यम आहे, तो रुग्णाला जाणवेल इतका आहे का हे स्पष्ट नाही आणि पुराव्याचा दर्जाही कच्चा आहे. नैराश्य नसलेल्यांनी ते येऊ नये म्हणून तेल घेण्यात तर अर्थ दिसत नाही: अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या 18,353 जणांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या चाचणीत रोज 1 ग्रॅम फिश ऑइल घेऊनही नैराश्य टळले नाही. माझ्या मते, डॉक्टरांची गोळी चालू असून सुधारणा अर्धवट राहिली आहे अशा माणसाने आठ आठवड्यांचा प्रयोग करावा, हेच या पुराव्यातून निघते. सौम्य उदासीवर नुसते तेल घेऊन बसणे मला पटत नाही.

कॅप्सूल जेवणासोबत घ्यावी. थोडे तूप-तेल असलेल्या जेवणात ती चांगली शोषली जाते आणि माशाची ढेकरही कमी येते. वॉरफरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन ही रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरू करू नये. एसएसआरआय गटातील नैराश्याच्या गोळ्यांनीही रक्तस्राव थोडा वाढू शकतो, ही बाब त्यांच्या कानावर घालावी. रोज 1 ग्रॅमच्या वर ओमेगा-3 घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका काहीसा वाढलेला दिसतो. ज्यांना हा त्रास आधीपासून आहे त्यांनी 2 ग्रॅमच्या फंदात पडू नये.

प्रोबायोटिक: जात विचारल्याशिवाय घेऊ नये

‘शरीरातले 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात बनते’ हे वाक्य प्रोबायोटिकच्या जाहिरातींत हटकून येते. वाक्य खरे आहे, निष्कर्ष खोटा. आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. आतडे आणि मेंदू यांचा संवाद व्हेगस मज्जातंतू, रोगप्रतिकारक यंत्रणा आणि सूक्ष्मजीवांनी तयार केलेली रसायने यांच्यामार्फत होतो, आणि त्यावरचे संशोधन अजून बाल्यावस्थेत आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 49 रुग्ण होते; सगळे नैराश्याच्या गोळ्या घेत होते आणि कोणालाच पुरता गुण आला नव्हता. चौदा प्रकारच्या जिवाणूंचे मिश्रण आठ आठवडे घेतलेल्यांत नैराश्य आणि चिंता, दोन्ही अधिक उतरल्या. उलट न्यूझीलंडमध्ये 2017 साली गोळ्या न घेणाऱ्या 79 जणांना लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस आणि बायफिडोबॅक्टेरियम लाँगम यांची जोडी आठ आठवडे दिली, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. याच जोडीने इराणमधील एका चाचणीत, औषधे चालू असलेल्या रुग्णांत, फायदा दाखवला होता. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की औषधाच्या जोडीला ते चालते, एकटे चालत नाही, असा कल दिसतो.

म्हणून डबी घेताना जिवाणूचे पूर्ण नाव वाचावे: कुळ, जात आणि शेवटी येणारा अक्षर-आकड्यांचा सांकेतिक क्रमांक, उदाहरणार्थ आर0052 किंवा आर0175. हा क्रमांक नसेल तर चाचणीतला जिवाणू आणि डबीतला जिवाणू एकच आहे असे म्हणता येत नाही. सीएफयू, म्हणजे जिवंत जिवाणूंची संख्या, चाचण्यांत रोज काही अब्ज होती. ती ‘तयार करताना’ नव्हे तर ‘वापराच्या अंतिम तारखेपर्यंत’ इतकी राहील असे लिहिलेले असावे. जुलाब झाल्यावर किंवा अँटिबायोटिकसोबत डॉक्टर ज्या कॅप्सूल वा द्रवाच्या कुप्या लिहून देतात, त्यांत बऱ्याचदा बॅसिलस क्लॉसाय किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी असतात. त्या पोटासाठी आहेत. उरलेल्या कुप्या मनःस्थितीसाठी संपवू नयेत.

घरच्या विरजणाच्या दह्यात जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती, हे प्रत्येक घरात वेगळे. ताक प्यावे, दहीभात खावा. कढी उकळली, इडली वाफवली की त्यातले जिवाणू मेले, एवढे ध्यानात ठेवावे. मुळात आतड्यातल्या जिवाणूंना लागणारा खुराक तंतूंचा आहे, आणि तो ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, वाल, हरभरे, पालेभाज्या यांतून स्वस्तात मिळतो. ऑस्ट्रेलियातील 2017 च्या एका चाचणीत 67 रुग्णांपैकी ज्यांना आहार सुधारण्यास बारा आठवडे मदत केली, त्यांतील 32 टक्के नैराश्यमुक्त झाले. नुसता गप्पांचा आधार दिलेल्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. चाचणी लहान होती, तरी रात्रीच्या वडापावऐवजी भाकरी-उसळ खाण्याला तिच्यापेक्षा मोठ्या पुराव्याची गरज नसावी.

सुरुवातीचे काही दिवस पोट फुगते, वायू होतो; ते सहसा ओसरते. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, मोठ्या शिरेत नळी बसवलेले, स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे रुग्ण यांनी प्रोबायोटिकला हात लावू नये. अशांच्या रक्तात तेच जिवाणू उतरून संसर्ग होऊ शकतो. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात तर नेदरलँड्समधील 2008 च्या चाचणीत प्रोबायोटिक घेतलेल्यांत मृत्यू अधिक झाले.

जे टाळायचे ते

सेंट जॉन्स वर्ट, 5-एचटीपी आणि एसएएमई ही पूरके ऑनलाइन सहज मिळतात आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत धोकादायक ठरू शकतात: सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून थरथर, ताप, घाम, गोंधळ अशी अवस्था येते. सेंट जॉन्स वर्ट तर गर्भनिरोधक गोळ्या आणि एचआयव्हीची औषधेही निकामी करते. ज्यांना कधी उन्मादाचा झटका आला आहे त्यांच्यात अशा पूरकांनी तो पुन्हा उफाळू शकतो. अश्वगंधा ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून घेतली जाते. तिने यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉईडची पातळी हलल्याच्या नोंदी आहेत.

खरेदी आणि साठवण

पूरके औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून विकली जातात. डबीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि औषधी वापरासाठी नसल्याची सूचना असायला हवी. ‘नैराश्य बरे करते’ असे छापणारी डबी कायद्याचीच पायमल्ली करते, ती परत ठेवावी. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची महागडी घरपोच तपासणी करून त्यावरून प्रोबायोटिक निवडून देणाऱ्यांकडेही जाऊ नये. निवड करता येईल इतके ज्ञान अजून कोणाकडे नाही.

जूनपासून मुंबईच्या हवेत प्रोबायोटिकची पावडर ओलावा धरते आणि जिवाणू मरू लागतात. ज्याला थंडावा लागतो अशी डबी फ्रीज असलेल्या दुकानातूनच घ्यावी, दुपारच्या उन्हात तासभर स्कूटरवरून फिरलेले पार्सल नको. घरी ती गॅसजवळच्या फळीवर ठेवू नये आणि आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये. फिश ऑइलची एक कॅप्सूल कात्रीने कापून वास घ्यावा: ताज्या माशाचा सौम्य वास चालतो, जुन्या तळणाच्या तेलासारखा खवट वास आला तर डबी परत करावी. मोठ्या डबीवर सवलत मिळते म्हणून सहा महिन्यांचा साठा करू नये.

आठ आठवड्यांनंतर

ओमेगा-3 आणि प्रोबायोटिक एकाच वेळी सुरू करू नयेत. आधी एक, आठ आठवडे. मग दोन आठवडे मोकळे. मग हवे असल्यास दुसरे. कोणते आधी, असे विचाराल तर पुरावा अधिक असल्याने ओमेगा. या काळात डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली, तर प्रयोगाची तारीख तेथून पुन्हा मोजावी.

पीएचक्यू-9 मध्ये पाच गुणांची घट झाली नसेल तर डबी संपली नसली तरी थांबावे. घट झाली असेल तर चालू ठेवण्याचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्यावा आणि बरे वाटू लागले म्हणून त्यांची गोळी स्वतःहून सोडू नये; अचानक सोडल्यास चक्कर, मळमळ, डोक्यात झिणझिण्या आणि काही आठवड्यांनी नैराश्याचा उलटा झटका असा अनुभव अनेकांना येतो. पूरकाचे नाव, ईपीएचे मिलिग्रॅम किंवा जिवाणूचा क्रमांक, सुरू केल्याची व थांबवल्याची तारीख फाइलमधल्या केस पेपरला जोडून ठेवावी, आणि दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया ठरलेली असो, तो कागद त्या डॉक्टरांनाही दाखवावा.